भाजीचे पाकीट आणि वस्तीचे गटार

उल्हास नदी कर्जतवरून वाहते, पाताळगंगा खोपोलीवरून. पावसाळा ओसरला की दोन्ही नद्यांच्या काठच्या झुडपांना काय लटकलेले असते ते आपण दरवर्षी पाहतो. कॅरीबॅग, दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, आणि अलीकडे त्यात भर पडली आहे ती भाजी-फळांच्या पाकिटांची. सोललेला लसूण, निवडलेली मेथी, मक्याचे दाणे, चार सफरचंदांचा पारदर्शक डबा. मोठ्या दुकानांतून आणि मोबाईलवरून मागवलेल्या सामानातून ही पाकिटे फार्महाऊसवर आणि नव्या इमारतींत येतात. तिथे धुणीभांडी, स्वयंपाक करायला आपल्याच भगिनी जातात. भाजी मालकाच्या पातेल्यात जाते, आणि पाकीट वाऱ्यापाण्याबरोबर उताराला असलेल्या आपल्या वस्तीकडे येते.

आरोग्याच्या पानावर पाकिटाचा विषय कशाला, असे कोणी विचारील. तुंबलेले गटार, डास, जाळलेल्या प्लास्टिकचा धूर आणि कचरा वेचणाऱ्या हातांवरच्या जखमा हे सगळे आरोग्याचेच प्रश्न आहेत. आम्ही वस्तीत काम करतो तेव्हा लोक म्हणतात, "ताई, लोकांना शिस्तच नाही." शिस्त हवीच. पण पाकीट कसे बनवायचे हे ज्या दिवशी कारखान्यात ठरते, त्याच दिवशी ते पुढे भंगारात विकले जाईल की गटारात अडकेल हेही बरेचसे ठरून जाते. ते ठरवणारा वेगळा असतो आणि त्याचे परिणाम भोगणारा वेगळा. म्हणून चांगले पाकीट कशाला म्हणायचे, हे आपल्या घराघरात कळले पाहिजे.

भाजीला पाकीट लागते तरी का?

भाजी तोडली तरी तिचा श्वास चालूच राहतो. ती हवेतला प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व थोडी उष्णता बाहेर टाकते. मेथी, पालक, कोथिंबीर यांचा श्वास जोरात चालतो, म्हणून त्या लवकर सुकतात. कांदा-बटाट्याचा श्वास संथ, म्हणून ते गोणीत महिनोन् महिने राहतात. काकडीतले पाणी उडाले की ती मऊ पडते. पिकलेली केळी, पपई, आंबा, टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते.

चांगले वेष्टन हा श्वास मंद करते, पण कोंडत नाही. त्यासाठी त्याला भोके लागतात, आणि ती भाजीच्या श्वासाप्रमाणे कमी-जास्त ठेवावी लागतात. भोकेच नसलेल्या पाकिटात आतून घाम धरतो, त्या पाण्यात बुरशी आणि जंतू वाढतात. प्राणवायू संपला की भाजीला आंबूस वास येतो. पाकीट चकचकीत आहे म्हणजे भाजी ताजी आहे, असे समजू नये. आतून पाण्याचे थेंब धरलेले पाकीट घेऊच नये.

वेष्टनाची गरज खोटी नाही. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या देशभराच्या पाहणीनुसार काढणीपासून पुढे भाज्यांची ४.५८ ते १२.४४ टक्के आणि फळांची ६.७० ते १५.८८ टक्के नासाडी होते. नासलेल्या भाजीबरोबर शेतकऱ्याचे पाणी, खत आणि मजुराचे श्रमही वाया जातात. त्यामुळे सगळे वेष्टन वाईट असे आम्ही म्हणत नाही. कोणत्या मालाला, किती आणि कशाचे वेष्टन, एवढाच प्रश्न आहे. कोबीला निसर्गानेच पानांचे वेष्टन दिले आहे, केळ्याला साल दिली आहे. त्यांना वरून पुन्हा प्लास्टिक कशाला?

चांगल्या पाकिटाच्या पाच खुणा

पहिली खूण, एकच जातीचे प्लास्टिक. प्लास्टिकच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटलीचे. २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन. जाड डबे, पिशव्या, दुधाची पाकिटे यांत येतात. ३ म्हणजे पीव्हीसी, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्यातलाच. ७ म्हणजे इतर सगळे, बहुधा मिश्रण. एकाच जातीचे प्लास्टिक वितळवून पुन्हा वापरता येते. दोन-तीन जाती एकमेकींवर चिकटवलेल्या असतील, तर त्या वेगळ्या करणे भंगारवाल्याच्या आवाक्याबाहेरचे असते. वेफर्सचे चंदेरी पाकीट कोणी विकत घेत नाही ते यामुळेच.

दुसरी खूण, रंग नसलेले. पारदर्शक प्लास्टिकपासून पुन्हा कोणत्याही रंगाची वस्तू होते. रंगीत प्लास्टिक एकत्र वितळवले की त्यातून काळपट मालच निघतो आणि त्याला भाव कमी येतो. काळ्या ट्रेमध्ये मशरूम उठून दिसतात, पण तो ट्रे पुढे कोणाच्या फारसा कामाचा राहत नाही.

तिसरी खूण, चिकटपट्टी आणि कागद कमीत कमी. डब्यावर घट्ट चिकटवलेला कागद वितळवताना घाण धरतो. नाव आणि किंमत सहज सुटणाऱ्या चिठ्ठीवर असावी. डबा एका जातीचा आणि वरची चिकट फिल्म दुसऱ्या जातीची, हीसुद्धा अडचण आहे. पेटमध्ये थोडे जरी पीव्हीसी मिसळले तरी सगळा माल पिवळा पडून बिघडतो.

चौथी खूण, उचलण्याजोगे वजन. यावर पुढे सविस्तर बोलू.

पाचवी खूण, पाकिटावर बनवणाऱ्याचे किंवा विकणाऱ्या कंपनीचे नाव आणि नोंदणी क्रमांक. ज्याचे नाव नाही त्याला जाब विचारता येत नाही.

काटकसर कोणाची, भार कोणावर?

कंपन्या सांगतात, "आम्ही पाकीट पातळ केले, प्लास्टिक वाचवले." हे अर्धे खरे आहे. पातळ पाकिटाला कच्चा माल कमी लागतो, गाडीतले ओझेही कमी होते. आता दुसरी बाजू पाहू. एक पातळ पिशवी २ ग्रॅमची धरा. किलोभर वजन व्हायला ५०० पिशव्या वेचाव्या लागतील. त्या बहुतेक ओल्या, चिखलाच्या, भाजीचा पाला चिकटलेल्या. पाण्याची एक लिटरची बाटली साधारण २५ ग्रॅमची धरली, तर ४० बाटल्यांत किलो होतो. उन्हातान्हात वाकून काम करणारी भगिनी ५०० पिशव्या उचलील की ४० बाटल्या? बाटली रस्त्यावर फार वेळ टिकत नाही आणि पिशवी वर्षानुवर्षे पडून राहते, याचे गणित इतके साधे आहे.

म्हणजे कारखान्यात ग्रॅमभर प्लास्टिक वाचले, पण ते पाकीट गोळा करण्याची मजुरी कोणीच दिली नाही. ती मजुरी नगरपालिकेच्या सफाई कामगाराच्या अंगावर, नाहीतर गटारावर पडली. खरी काटकसर दोनच प्रकारची. एक, पाकीट लागतच नाही असा मार्ग काढणे. दोन, पाकीट लागणारच असेल तर ते इतके एकजिनसी आणि किमतीचे बनवणे की वेचणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेल.

हे काम आपल्या राज्यात कोण करते हे वेगळे सांगायला नको. कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या आहेत. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि या भगिनींनी आपण कामगार आहोत हे ठणकावून सांगितले. पुढे २००८ मध्ये त्यांच्यातूनच स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम तिने महापालिकेबरोबर करार करून हाती घेतले. बाबासाहेबांनी आपल्याला घाणीची कामे जन्माने चिकटवणारी व्यवस्था नाकारायला शिकवले. हे काम जो कोणी करील, त्याला ते हातमोजे घालून, ओळखपत्र घेऊन, रास्त दामाने आणि मानाने करता आले पाहिजे. चांगले पाकीट हा त्या मानाचाच भाग आहे.

पाकिटाशिवायचे मार्ग आपल्या जवळच आहेत

उन्हाळ्याच्या शेवटी कर्जतच्या बाजूला ठाकूर आणि कातकरी भगिनी करवंदे, जांभळे विकायला बसतात. ती पानाच्या द्रोणात मिळतात. द्रोण एकाच पदार्थाचा, बिनरंगाचा, हवा खेळती ठेवणारा आणि टाकला की मातीत मिसळणारा. वर सांगितलेल्या बहुतेक खुणा त्यात आहेत. पावसाळ्यात शेवळे, टाकळा, कुरडू, कंटोळी येतात. त्यांच्या जुड्या गवताने किंवा वेलीने बांधलेल्या असतात. अशी भाजी आपण कॅरीबॅगेत भरून मागितली, तर त्या भगिनीला पिशवी विकत आणावी लागते आणि दंडाची टांगती तलवारही तिच्याच डोक्यावर राहते.

मोठ्या बाजारासाठी मार्ग आहे क्रेटचा. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. तिथे भाव २० किलोच्या प्लास्टिक क्रेटवर बोलला जातो. क्रेटला चहूबाजूंनी भोके असतात, एकावर एक रचले तरी खालचा टोमॅटो दबत नाही, धुऊन तेच क्रेट पुन्हा शेतात जातात. फुटला तरी जाड, एकाच जातीचा असल्याने त्याला भंगारात दाम मिळतो. प्लास्टिक वापरायचे तर असे, वारंवार आणि परत येणारे. राजनाल्याच्या पाण्यावर कर्जत तालुक्यात भाजी पिकते. ती इथल्याच बाजारात क्रेटमधून आली आणि आपण पिशवी घेऊन गेलो, तर मध्ये पाकिटाची गरजच उरत नाही.

लांबच्या मालाचे गणित वेगळे. नाशिकची द्राक्षे युरोपात जातात ती अर्ध्या किलोच्या पारदर्शक डब्यांत. इतक्या लांब मणी न दबता जायचे तर काहीतरी आवरण हवेच. पण तिकडेही विचार बदलतो आहे. युरोपीय संघाच्या २०२५ मध्ये अमलात आलेल्या नियमाप्रमाणे दीड किलोपेक्षा कमी ताज्या फळ-भाज्यांना एकदाच वापरायच्या प्लास्टिकचे वेष्टन १ जानेवारी २०३० पासून, काही अपवाद सोडून, घालता येणार नाही. श्रीमंत देशांना जे जड झाले, ते आपल्या गटारात सोपे कसे होईल?

वस्तू शेवटपर्यंत वापरण्याची शिकवण आपल्या धम्मात आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात कथा आहे. कोसंबीला राण्यांनी भदन्त आनंदांना ५०० चीवरे दान दिली. राजा उदेनाने विचारले, इतक्या चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची विरली आहेत त्या भिक्खूंना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पलंगपोसे करू. ती जुनी झाली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग झाडायची फडकी, आणि शेवटी ती कापून, मातीत कालवून जमीन सारवू. राजाचे समाधान झाले. वस्तू हातात घेण्याआधी तिच्या शेवटाचे उत्तर तयार असणे, हाच चांगल्या पाकिटाचाही नियम.

कायदा काय सांगतो?

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईतल्या तुंबलेल्या नाल्यांतल्या प्लास्टिककडे सगळ्यांचे लक्ष गेले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात सगळ्या कॅरीबॅगांवर बंदी आली. दंड पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांची कैद. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत ५० पैसे छापण्याची अट होती. कल्पना उत्तम होती. पिशवीवरच तिचा दाम असला की ती गटारात जात नाही. पण आपल्या दुधाच्या दुकानात रिकामी पिशवी देऊन ५० पैसे किती जणांना मिळाले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

केंद्राच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅग १२० मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, म्हणजे ही जाडी मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. पण यात एक गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यातून झाकबंद होऊन येणारे पाकीट कॅरीबॅगच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून पाटीवाल्या भाजीवालीची पिशवी जप्त होते आणि शेजारच्या दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काकडी आरामात विकली जाते.

झाकबंद पाकिटांसाठी दुसरा नियम आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी पाकीट बनवणाऱ्या आणि त्यात माल विकणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा करून त्याची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी टाकली. त्यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करायची असते. म्हणजे वस्तीतल्या गटारात अडकलेल्या पाकिटाला मालक आहे. त्याचे नाव वाचून दाखवणे हा आपला हक्क आहे.

दोन फसव्या गोष्टींपासून सावध राहा. कापडासारखी दिसणारी, पण ओढल्यावर दोरे न निघणारी पिशवी प्लास्टिकचीच असते, पॉलिप्रॉपिलीनची. आणि "कुजणारे प्लास्टिक" लिहिलेली पिशवी गटारात किंवा नदीत विरघळत नाही. तिला खतनिर्मितीच्या कारखान्यातली उष्णता लागते. ती भंगाराच्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर तेही बिघडवते.

शरीराला काय होते?

आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका मोरीच्या तोंडाशी पाचपन्नास पाकिटे अडकली की पाणी घरात येते. त्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि पायाला जखम असलेल्याला त्यातून लेप्टोची लागण होऊ शकते. पाण्यातून चालल्यावर पाय साबणाने धुवावेत, आणि नंतर ताप व पोटऱ्या दुखू लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डबा, ट्रे, पिशवीच्या खोलगट भागात चार चमचे पाणी साचले तरी डेंग्यूचा डास त्यात अंडी घालतो. ती अंडी सुकली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच फुटतात.

चूल पेटवायला प्लास्टिक घालू नये. त्याच्या धुरातली काजळी आणि विषारी वायू आधी चुलीजवळच्या बाईच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत जातात. पीव्हीसी जळताना आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये सुटतात. दमा असलेल्या घराशेजारी कचरा पेटवणे म्हणजे त्या माणसाला आजारी पाडणे.

गरम चहा, वरण, तेलकट रस्सा पातळ किंवा रंगीत पिशवीत घेऊ नका. उष्णता, तेल आणि आंबटपणा यांनी प्लास्टिकमधली द्रव्ये अन्नात जास्त उतरतात. डबा न्यावा. वर्तमानपत्रात वडा-भजी बांधणेही अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे मना आहे, कारण शाई अन्नाला लागते.

घरात आणि विहारात काय करायचे?

घरात पालेभाजी आणली की निवडून, ओलसर सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. जुन्या साडीचा तुकडा पुरतो. केळी, टोमॅटो पालेभाजीपासून दूर ठेवा. बाजाराला जाताना दोन कापडी पिशव्या न्या, एक भाजीला आणि एक फळांना. विकत घ्यायचीच वेळ आली तर वर सांगितलेल्या पाच खुणा पाहा. रिकामे पाकीट भांड्यांच्या उरलेल्या पाण्यात खळबळून, सुकवून वेगळे ठेवा. स्वच्छ आणि कोरड्या प्लास्टिकला भंगारात किंमत येते, आणि ते वेचणाऱ्या भगिनीचा हात घाणीत जात नाही. फुटलेली काच, ब्लेड, सुया त्यात कधीही टाकू नका.

वर्षावास आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत असतो, नेमका आपल्या पावसाचा काळ. विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. येताना प्रत्येक घराने आठवड्याची धुतलेली पाकिटे आणावीत. ती तीन पोत्यांत वेगळी करावीत: बाटल्या व डबे, दुधाच्या व जाड पिशव्या, आणि भंगारवाला घेत नाही ती. पहिली दोन पोती विकून येणारे पैसे ज्या भगिनी वेचण्याचे काम करतात त्यांनाच द्यावेत. तिसरे पोते वजन करून, त्यातल्या कंपन्यांची नावे लिहून, त्या यादीसह नगरपालिकेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे न्यावे आणि पोच घ्यावी. अर्जात तीन मागण्या लिहाव्यात: ही पाकिटे कंपनीच्या खर्चाने उचलावीत, वस्तीत सुका कचरा गोळा करायला जागा द्यावी, आणि कचरा वेचणाऱ्यांना ओळखपत्र, हातमोजे व बूट द्यावेत.

ज्या रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन माणूसपणाचा हक्क सांगितला, त्याच जिल्ह्यात उल्हास आणि पाताळगंगा वाहतात. त्यांचे पाणी आपण पितो, खालच्या शहरांतली माणसेही पितात. ते स्वच्छ राहावे ही मागणी त्याच हक्काचा पुढचा भाग आहे. तिसऱ्या पोत्याची यादी प्रत्येक वस्तीने याच वर्षावासात तयार करावी.

जयभीम.